दुरुस्ती नंतर करू

माझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण मी इतक्या वेळा लिहिलं, की त्यातली बाई एव्हाना म्हातारी व्हायला हवी होती. ती मात्र एसटी स्टँडजवळच्या आपल्या खानावळीत पिठाचा डबा उघडून तशीच उभी. पुढं काही घडायचंच नाही. कारण प्रकरण झालं की मी ते नवऱ्याला वाचून दाखवायचे, आणि हे हायस्कुलात मराठी शिकवणारे. तिसऱ्या ओळीला म्हणायचे, "थांब. 'अतिशय' कशाला हवंय? काढ ते." मी काढायचे. मग चौथी ओळ. तोवर चहा गार, आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

हे समोर नसले तरी फरक पडत नसे. ते शाळेत गेलेले असायचे आणि इकडं माझ्या कानात त्यांचं "थांब" चालूच. त्यांना दोष देऊन काय उपयोग? माझ्याच कानाला सवय लागली होती.

मग ते निवृत्त झाले. मीही पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होते, ती निवृत्त झाले. आता दोघं निवांत लिहू-वाचू म्हणेपर्यंत यांच्या किडन्या गेल्या.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा आमचं डायलिसिस असतं. सुया त्यांना टोचतात, पण 'आमचं' म्हणायचा हक्क मी कमावलाय. सकाळी सावेडीतल्या घरून रिक्षा, चार तास मशीन, परत रिक्षा. घरी येऊन ते आडवे होतात ते पार संध्याकाळपर्यंत. मधल्या दिवशी भाज्या चिरून भिजवायच्या, यांना न चालणारे क्षार उतरलेलं ते पाणी ओतून द्यायचं, मिठाचा हात आवरायचा. त्यांच्या वाटणीचं पाणी एका बाटलीत भरून ठेवायचं आणि ते बेसिनपाशी चूळ भरताना घोट गिळतात का, यावर डोळा ठेवायचा. या वयात नवऱ्यावर पाळत ठेवायची वेळ आली. मी थकून गेले होते. त्यांच्यावर चिडायचे आणि मग चिडले म्हणून रडू यायचं.

एकदा डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, हृदय दमत चाललंय, मशीन सोसतंय तोवर सोसेल. मी म्हटलं, यांना सांगू नका. बाहेर आले तर हे बाकावर बसलेले. "हृदयाचं सांगितलं ना?" म्हणाले. "मला मागच्याच वेळी सांगितलंय. तुला सांगू नका म्हटलं होतं मी."

परतताना रिक्षात मला कादंबरी आठवली. ती छापून यावी, ही हौस केव्हाच फिटली होती. यांनी ती एकदा शेवटपर्यंत ऐकावी, एवढंच मनात आलं. दुसरं काही नको होतं मला. पण शेवट कुठला? पहिलं प्रकरणसुद्धा धड नव्हतं.

टायपिंगच्या क्लासात आमचे मास्तर बोटांवर रुमाल टाकायचे. कळा बघायच्या नाहीत. नोकरीत मी त्याच्या पुढची पायरी शिकले: टाइप करताना मजकूर वाचायचाच नाही. साहेबांचं मराठी समजून घेत बसलं तर दिवस मावळायचा. कालव्याच्या पाणीपाळीचं पत्र असो की कुणाची बदली, सगळं मनाला न शिवता बोटांतून उतरायचं. सगळी नोकरी मी तशीच केली, आणि स्वतःचं लिहिताना मात्र एकेका अक्षरावर अडून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी भिजत घातली, लेकीनं दिलेला लॅपटॉप उघडला आणि त्याच्या स्क्रीनवर रुमाल टाकला. बोटं चालवली. चार ओळी झाल्या असतील-नसतील, कानात आलंच, "थांब."

"नंतर," मी मोठ्यानं म्हणाले. "दुरुस्ती नंतर करू."

आतून हे ओरडले, "कुणाशी बोलतेस?"

"तुमच्याशीच."

"मी कुठं काय म्हणालो?"

अशी गाडी सुरू झाली. त्यात आनंद बिनंद काही नव्हता. पाठ भरून यायची, डोळे चुरचुरायचे. कधी डोक्यात काहीच नसायचं, तेव्हा मी 'आज काही सुचत नाही, दोडका शिजवायचा आहे' असंही टाइप केलंय. पण थांबले नाही. लिहिताना मागं वळून वाचलंही नाही. वाचलं असतं तर रडले असते. दुसऱ्या प्रकरणात मेलेली सासू चौथ्यात लसूण सोलत बसली होती.

झालेल्या पानांची प्रिंट काढून ती घेऊन मी डायलिसिसला जायचे आणि यांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून हळू आवाजात वाचायचे. सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जाड करतात ती शीर डाव्या हातात नीट बनली नव्हती, म्हणून सुया उजव्या हातात. तो हात चार तास हलवायचा नाही. म्हणजे पेन बंद. तोंड मात्र मोकळं होतं.

"थांब. 'हळूहळू' दोनदा आलं."

"नंतर करू."

"नंतर कशाला? लगेच काढ. आणि सासू मेली होती ना?"

शेजारच्या पलंगावर सोनईकडच्या एक मावशी असायच्या. गळ्यापर्यंत घरची चादर ओढून छताकडं बघत पडलेल्या. मला वाटायचं झोपल्यात. त्या एकदम म्हणाल्या, "ओ गुरुजी, वाईच गप बसा की! मेली आसंल न्हाईतर जित्ती आसंल. बाईला पुढचं सांगू द्या. त्यो दादला आला का न्हाई माघारी?"

सिस्टर हसली. हे गोरेमोरे झाले. सबंध नोकरीत त्यांना कुणी वर्गात गप केलं नसेल. त्यानंतर ते ओठ मिटून ऐकायचे, फक्त कपाळावर आठी चढली की मला कळायचं, इथं काहीतरी खटकलं.

गोष्ट साधी होती. खानावळवालीचा नवरा तिला टाकून गेलेला असतो आणि म्हातारपणी परत येतो. तिनं त्याला घरात घ्यावं की नाही, एवढंच. मावशींचं मत पक्कं होतं. "घिऊ नको बाई त्याला. लई पस्तावशील," असं त्या मलाच बजावायच्या. पुढच्या खेपेला नवी पानं नसली तर तोंड फिरवून पडायच्या. अंगात ताप असताना मी टाइप केलंय ते त्या बाईच्या धाकानं. आणि यांच्या डोळ्यांखालची सूज रोज बघत होते, म्हणूनही. मशीनवर असताना यांचं बीपी खाली जायला लागलं होतं. मधेच डोळे मिटायचे, सिस्टर धावत यायची, पाय वर उचलायची. माझी पानं मांडीवर तशीच राहायची. तेवढ्या वेळात मनात जे यायचं ते इथं लिहीत नाही.

मग एक दिवस मावशी म्हणाल्या, "आता पुढल्या आठवड्यापासून मी हितं न्हाई. तिकडं नेवाशाला नंबर लागलाय माझा. जवळ पडतं वो, पोराची मजुरी बुडत न्हाई. पर तुमची गोष्ट राहिली की ओ."

अजून दोन खेपा होत्या. गोष्ट निम्म्यावर होती. मी म्हटलं, सांगते पुरी.

त्या दिवसांत मी लिहिलं त्याला लिहिणं म्हणायचं की नाही, देव जाणे. वाक्यांना शेपूट नाही, माणसं दारातून न येताच घरात बसलेली. भाजी करपली, हे काही न बोलता खिचडी जेवले. शेवट काय करायचा ते मला ठाऊक नव्हतं. बोटं चालत राहिली आणि तो आला.

शेवटच्या खेपेला मी तो वाचला. ती नवऱ्याला गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसवते, पोटभर वाढते, हात धुवायला पाणी देते आणि पुढची एसटी किती वाजता आहे ते सांगते. तो उठून जातो. ती टेबल पुसते.

मावशींनी गळ्यावरची चादर खाली सारली. मग म्हणाल्या, "जेवू घातलं ते बरं केलं. घरात न्हाई घेतलं ते त्याहून बरं." मशीन सुटल्यावर जाताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, "तुमी बी जेवत जा वेळंवर," म्हणाल्या आणि मुलाचा हात धरून गेल्या.

हे डोळे मिटून होते. ऐकलं की नाही, मला कळेना. विचारायचं धाडस झालं नाही. एवढी धडपड केली ती यांनी ऐकावं म्हणून, आणि शेवटाला झोप लागली असेल तर काय करायचं? घरी आल्यावर ते झोपले, मीही खाली चटईवर झोपले.

सकाळी उठून स्वयंपाकघरात आले तर हे टेबलाशी बसलेले. समोर सगळी पानं, हातात लाल पेन.

"टेबल पुसते तिथं संपवलंस ते बरोबर आहे," ते म्हणाले. "बाकी सगळं भयंकर आहे."

मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू, आनंदानं फुटलं.

त्यांनी पानं हातात धरून अंदाज घेतला. "रोज दहा-बारा पानं तपासली तर महिन्याभरात उरकेल."

महिन्याभरात. या एका गोष्टीसाठी मी इतके दिवस धापा टाकत पळत होते, आणि आता 'उरकेल' हा शब्दच मला नको होता. उरकलं की मग काय? मी त्यांच्यासमोर बसले.

"घाई काय आहे एवढी?" मी म्हणाले. "रोज एकच पान घेऊ."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडं नीट बघितलं. त्यांना कळलं होतं.

"अर्धं घेऊ," ते म्हणाले.