हळदीपुढे हात टेकलेले जंतू

नव्वदच्या दशकातली काही वर्षं माझं पोट जंतूंनी भरलं. सिल्वासात धुण्याच्या पावडरीचा एक छोटा कारखाना होता, त्याच्या मागच्या खोलीत प्रयोगशाळा आणि तिच्यात मी. काम एकच. डाग खाणारं एन्झाइम बनवणाऱ्या जंतूला आणखी खादाड करायचं.

आता म्हणे जंतूंची जनुकं संगणकावर लिहून मागवता येतात. आमच्याकडे एक अल्ट्राव्हायोलेट दिवा होता आणि दुधाची पावडर. अथालच्या एका गोठ्यामागच्या मातीतून काढलेले जंतू बशीत पसरायचे आणि वर दिवा लावायचा. बहुतेक मरायचे. उरलेल्यांतला एखादा बिघडून, आमच्या नशिबाने, आधीपेक्षा कामसू निघायचा. तो ओळखायला दूध घातलेल्या पांढऱ्या बशीवर सगळ्यांना वाढवायचं. ज्याच्याभोवती दूध फस्त झाल्याचं पारदर्शक कडं सगळ्यांत मोठं, तो पास. मग त्यालाच पुन्हा दिव्याखाली. पहिला आल्याबद्दल शिक्षा, असा हा प्रकार.

कडी मोजायला एक मदतनीस होती. शहाद्याकडची, माझ्याच वयाची. पॅकिंगच्या लाइनवरून मी तिला मागून घेतलं होतं, कारण तिची नजर माझ्या चष्म्यापेक्षा चांगली होती.

"मॅडम, हा बारका दिसतो, पण लई खाऊन राहिला," ती बशी उजेडात धरून म्हणायची. "आमची नणंद अशीच."

त्या नणंदेलाच आम्ही पुढे नेलं. चांगलं कडं करत होती. पण शेठचा धीर संपला. कोणी एजंट परदेशी एन्झाइमचा नमुना देऊन गेला होता. शेठ लॅबच्या दारात उभे राहिले. आत ते कधी येत नसत, जंतू चिकटतील म्हणून.

"बेन, शनिवारे बा आवशे. हळदरनो डाघ काढी बतावो. नहीं तो बहारनो माल."

बा म्हणजे त्यांची आई. कारखान्यात नवं काही घ्यायचं किंवा बंद करायचं, तर बांनी मान हलवावी लागे. बाहेरचा माल आला की लॅब बंद. मग मी ठाण्याला भावाकडे आणि मदतनीस परत लाइनवर, दिवसभर उभी.

मी समजावलं. आमचा जंतू प्रथिनं खातो. दूध, अंडं, रक्त. हळद हा रंग आहे, तिच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही.

"बेन, अमारा घरमां इंडा नथी, लोही नथी," शेठ म्हणाले. "खिचडी-कढी छे."

हळदीचं काही होणार नव्हतं. पण निदान रक्ताचा डाग तरी काढून दाखवावा, असं मी ठरवलं. नरोलीत मी राहायचे तिथे एक खाटीक होता. त्याच्याकडून डबाभर बकऱ्याचं रक्त आणायचं. अडचण एवढीच की आमच्या फाटकावर वॉचमन डबे उघडून बघायचा. कारखान्यात अंड्यालासुद्धा बंदी होती.

मदतनिसीने माझा बेत ऐकला आणि बशी खाली ठेवली.

"आवो मॅडम, पॅकिंगला चाळीस बायका आहेत. आणि तुम्ही रक्ताचे डाग आणाया खाटकाकडं चालल्या?"

मी एमएस्सी होते. हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार कपडे आणले. कोणाचे, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. प्रत्येकाचे दोन तुकडे केले. एक साध्या पावडरीत, एक आमच्या पावडरीत, दोन्ही थंड पाण्यात, दुपारभर.

शनिवारी व्हरांड्यात बादली मांडली. बा खुर्चीवर बसल्या. शेठनी घरून कढी सांडलेला पंचा आणला होता. मी तो आमच्या पावडरीत बुडवला आणि व्हायचं तेच झालं. सोडा लागताच पिवळा डाग लालभडक.

"बेन!" शेठ ओरडले. "आ तो कंकु थई गयुं!"

मदतनीस तोंडाला पदर लावून खांबामागे गेली. मला हसणं परवडणारं नव्हतं.

"बा, जरा आत येता का?" मी म्हटलं. "फक्त तुम्हीच."

लॅबच्या दोरीवर आठ तुकडे वाळत होते. चारांवर तपकिरी नकाशे तसेच, चार स्वच्छ. बांनी चष्मा वर केला, एक तुकडा बोटांनी चोळला, उजेडाकडे धरला.

"आ डाघ शाना?" डाग कशाचे?

मी सरळ सांगितलं. मला वाटलं, आता पदर सावरून बाहेर जातील आणि माझी बॅग भरायला लावतील.

"घस्युं नथी?" त्यांनी विचारलं. घासलं नाही?

"नाही. नुसतं भिजवलं."

"हं," बा म्हणाल्या. "अने अमे आखी जिंदगी घसता रह्या."

त्या बाहेर आल्या. शेठ लाल पंचा दोन बोटांत धरून उभे होते.

"हळदर तो तडको खाय," बांनी त्यांना सुनावलं. हळदीला खातं ते ऊन, त्यात पावडर काय करणार! "पंचियुं तडके नाख. बेन अहीं ज रहेशे."

"पण बा, आ पावडर काढे छे शुं?"

"तारे जाणवानी जरूर नथी."

एजंटाला नकार गेला. पाकिटावर शेठनी चिखलाने माखलेला शर्ट छापून घेतला. चिखलातही आमच्या जंतूला काडीचा रस नव्हता, पण मी गप्प बसले. एका वेळी एकच गोष्ट समजावून सांगावी.

सोमवारी आम्ही नणंदेला पुन्हा दिव्याखाली घातलं. मंगळवारी बांचा ड्रायव्हर स्टीलचा डबा घेऊन आला. "बांनी सांगितलंय, पाकीट नको, सुटी पावडर द्या." पुढच्या आठवड्यात तो दोन डबे घेऊन आला, त्याच्या पुढच्या आठवड्यात पाच. गल्लीतल्या सगळ्या सुनांचे.

महिनाअखेरीस शेठ दारातूनच विचारत होते, "बेन, अमारा घरमां एवुं शुं धोवाय छे?"

"हळद," मदतनीस आतून म्हणाली.