लेकीचं मालाचं विमान

लातूरहून नांदेडला येताना बसमध्ये शेजारी एक गृहस्थ बसले होते. अन् मांडीवर काय, तर प्लास्टिकचं विमान! रंगारी भिंतीला भरतात ती लांबी बोटावर घेऊन त्याची एकेक खिडकी बुजवून राहिले होते.

"दादा, आतल्या माणसांनी श्वास कुठून घ्यायचा?" मी विचारलंच.

"मावशी, माझी लेक मालाचं विमान हाकती, त्याला खिडक्या नसत्यात. दुकानात माणसांचंच मिळालं. आज ती घरी येणार हाय, त्याआधी झालं पाहिजे."

लोह्याजवळ धूळ आत आली अन् ओल्या लांबीवर बसली. गृहस्थ अगदी रडवेले झाले. मग मीच ओरडले, "लावा रे खिडक्या!" भर उन्हात अख्ख्या बसनं खिडक्या लावल्या. घामानं भिजून आम्हीच गोण्यांसारखे बसलो.

शेवटी पायलटपुढची काच तेवढी राहिली. कंडक्टर कावून म्हणाला, "ही पण बुजवा की, एकदाचं सुटू!"

"न्हाई. तिथनं ती बघती."

नांदेडच्या पहिल्याच थांब्यावर ते विमान छातीशी धरून उतरले. मी हात हलवायला गेले, तर बोटं काचेवर आपटली. खिडक्या उघडायचं कुणालाच सुचलं नव्हतं.