फाइल सोड

"सोड ना वं फाइल. पुढच्याले द्यायची हाय."

मंचाच्या मागच्या तीन पायऱ्या उतरून मी खाली आले होते. तिथं हा पोरगा उभा होता. वयानं माझ्याएवढाच असेल. गळ्यात संयोजकाचा बिल्ला. त्यानं माझ्या हातातल्या निळ्या फाइलला हात घातला आणि ओढली. मला कळेना तो काय मागतोय. फाइलचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.

मग तो हसला. "खरंच नोकरी लागली वाटते का तुले?"

सरबताचे ग्लास मांडणाऱ्या दोन बायाही हसल्या. मी फाइल सोडली. ती घेऊन तो मंचाच्या दुसऱ्या बाजूला पळाला, कारण तिकडं पुढचं नाव पुकारलं गेलं होतं. मी तिथंच उभी राहिले. हात अजून फाइल धरल्यासारखेच समोर होते. ते खाली घ्यायचे असतात हेही मला थोड्या वेळानं सुचलं.

यवतमाळच्या एका मंगल कार्यालयात तरुणांसाठी रोजगार मेळावा भरला होता. एका संस्थेनं भरवलेला. मी मारेगाव तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून पहिल्या एसटीनं आले होते. भूगोलात एम.ए. केलेली. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास. हे सगळं मी गावातल्या विहारात बसून, तिथल्या एका ट्यूबलाइटखाली शिकले. बाप जिनिंगमध्ये गाठी उचलतो, माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते. अंगावर तिचीच साडी होती, लग्नाकार्यात नेसायची.

मुलाखतीच्या टेबलावर एका साहेबानं मला दोन प्रश्न विचारले. गाव कोणतं आणि आडनाव काय. आडनाव ऐकून त्यानं शेजारच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "तुमच्या लोकाईले तर राखीव जागा असते ना? तरी नाही लागली?" एम.ए.चं गुणपत्रक मी पुढं केलं होतं. ते त्यानं उलटून पाहिलं नाही. चहाचा कप ठेवायला टेबलावर जागा नव्हती, म्हणून बाजूला सरकवलं.

मी बाहेर रांगेत येऊन बसले. तेवढ्यात संस्थेच्या एक बाई आल्या, रांगेवरून नजर फिरवली आणि मागच्याला म्हणाल्या, "फोटोत बऱ्या दिसतीन अशा पाचसहा पोरी घ्या." मी त्यांच्यातली एक निघाले. मंचावर गेले. पाहुण्यांनी निळी फाइल दिली. फोटोवाला म्हणाला, ताई, इकडं पहा, हसा जरा. आणि मी हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला. खाली लिहिलं होतं, नियुक्तिपत्र स्वीकारताना लाभार्थी तरुणी. बाबांनी तो कापून भिंतीवरच्या आरशाच्या चौकटीत खोचला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तशी गत. लोक घरी येऊन गेले. शेजारच्या आत्यानं साखर आणली. मी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. "रुजू व्हायचं पत्र टपालानं येणार हाय," असं मीच म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. इतकी वर्षं शिकून काही लागत नाही याची लाज मला होतीच, आता फसवली गेल्याची लाज तिच्यावर चढली होती. दोन्ही गिळून मी गप्प बसले.

कापूस फुटला. ज्यांच्या वावरात माय वर्षानुवर्षं वेचायला जायची, त्या काकू गावच्या सरपंचाच्या घरच्या. ऐंशी एकर. त्यांनी मायला दारातूनच सांगितलं, "आता तुह्यी पोरगी नोकरीले लागली ना बाई. ज्याले गरज हाय त्याले येऊ दे." माय घरी आली ती ताठ मानेनं. म्हणाली, "मीच सोडून दिलं. लोकं म्हणतीन पोरगी साहेबीन अन् माय वावरात." मी भाकर थापत होते. थापत राहिले. तो सगळा हंगाम माय घरी बसली, आणि घरात काय शिजायचं हे सांगायला नको.

पत्र येणार नव्हतंच. मी पोस्टमनला मात्र रोज विचारायचे, कारण माय बघत असायची.

मग एक खरी गोष्ट कानावर आली. तालुक्याच्या कचेरीत शिकलेल्या बेरोजगारांना सहा महिने काम मिळणार होतं. महिन्याला थोडं विद्यावेतन. थोडं का होईना, खरं. मी सगळे कागद घेऊन मारेगावला गेले. खिडकीतल्या बाबूनं आधारचा नंबर टाकला, पडद्यावर पाहिलं आणि कागद परत सरकवले.

"तुमी बेरोजगार नाही."

"आहे ना सर."

"मशीन नाही म्हणते. मेळाव्यात नोकरी लागली, असं लिहून हाय."

मी म्हणाले, लागली नाही. तो म्हणाला, "मंग तसा दाखला आणा. बेरोजगार असल्याचा."

माझ्या मागची पोरं हसली. त्यांचं काही चुकलं नाही, मीही हसले असते. ग्रामसेवकाकडं गेले. तो म्हणाला, असा दाखलाच नसतो. ज्यानं नाव चढवलं तोच काढेल.

म्हणजे परत यवतमाळ. संस्थेच्या ऑफिसात सचिव बसले होते. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मला बसा म्हटलं नाही. मी उभ्यानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आवाज चढवला नाही. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

"नाव काढलं तं आमचा आकडा कमी होते," ते म्हणाले. "तू असं कर. पुढच्या महिन्यात यंदाचा मेळावा हाय. तू ये. चांगली साडी नेस. मंचावर ये, अन् दुसऱ्या दिवशी नाव काढल्याची चिठ्ठी घेऊन जाय."

मी हो म्हणाले. हे लपवायचं काही कारण नाही. मला ती चिठ्ठी हवी होती आणि मी हो म्हणाले.

त्या संध्याकाळी मायला सगळं सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं रडेल, नाहीतर मारेल. ती सुपाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग मी कापूस कायले सोडला?"

एवढंच. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बाबांनी आरशातला फोटो काढला. फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला. आणि माझ्या आत काहीतरी होतं ते सुन्न पडलं. राग नाही, रडू नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं. आपलाच गाल, पण दुसऱ्याचा वाटतो.

मेळाव्याला गेले तेव्हाही मी तशीच होते. तेच मंगल कार्यालय. तीच साडी. पाहुणे वेगळे. नाव पुकारलं, मी गेले, निळी फाइल घेतली, फोटोवाल्याकडं पाहिलं. हसले नाही, पण त्याचं काही अडलं नाही. तीन पायऱ्या उतरले. खाली तोच पोरगा. त्यानं मला ओळखलंही नाही.

"सोड," तो म्हणाला.

मी सोडली नाही. ठरवून आले होते असं म्हटलं तर खोटं होईल. चिठ्ठीसाठीच आले होते. पण तो शब्द ऐकला आणि मायचा प्रश्न आठवला. कापूस कायले सोडला. आमच्या घरात सगळं सोडूनच झालं होतं. त्यानं ओढली, मी घट्ट धरली. त्यानं माझी बोटं एकेक करून उकलायला घेतली. मी हिसका दिला आणि त्याच पायऱ्या पुन्हा चढले.

मंचावर निवेदिका पुढचं नाव वाचत होत्या. मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मला वाटतं त्यांना काही राहिलंय असं वाटलं, त्या जरा सरकल्या. मी फाइल उघडली. आत साडीच्या डब्याचा पुठ्ठा होता. फाइल कडक राहावी म्हणून कापून घातलेला. कोपऱ्यात दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच.

मी तो वर धरला. माइकवर बोलले ते साध्या आवाजात, जसं घरी बोलते तसं.

"यात पुठ्ठा हाय. मले नोकरी लागली नाही. मागच्या वर्षी बी लागली नव्हती. माह्यं नाव यादीतून काढा."

कुणी टाळी वाजवली नाही. पंखे फिरत होते. पाहुण्यांनी घड्याळात पाहिलं. भाऊ पहिल्या रांगेत होते, ते मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागले. मग दोन बायांनी माझे दंड धरले आणि म्हणाल्या, "मॅडम, चला." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं ते असं, बाहेर काढताना.

फाइल मात्र माझ्याच हातात राहिली.

फाटकाबाहेर रसवंतीजवळ मी बसले होते. एक पोरगा मागोमाग आला. पुसदकडचा, आयटीआय झालेला, हातात जेवणाचं पाकीट. माझ्याशेजारी बसला. मग विचारलं, "ताई, माह्यं बी नाव त्या यादीत असन का?" त्यानंही मागच्या वर्षी फाइल घेतली होती. त्यानंही घरी सांगितलं नव्हतं. त्याच्या बापानं तर त्या भरवशावर सोयरीक जमवली होती आणि ती मोडली. हे सांगताना तो पाकिटाचा दोरा सोडत आणि बांधत होता.

तेव्हा मला कळलं. संस्थेवाल्यांचं सगळं आमच्या लाजेवर चाललं होतं. आम्ही घरी जाऊन गप्प बसणार, हे त्यांना पुठ्ठा कापतानाच ठाऊक होतं.

चिठ्ठी अर्थातच मिळाली नाही. कचेरीतलं सहा महिन्यांचं काम दुसऱ्याला गेलं. माझं नाव आजही मशीनमध्ये नोकरीवर आहे.

आमच्या गावची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरते. विषय नेहमीचे. नाल्या, दिवाबत्ती, घरकुल. मी उठले. म्हणाले, "मी एम.ए. हाय अन् मी बेकार हाय. हे लिहून घ्या."

सरपंच म्हणाले, "हे काय चारचौघात सांगाची गोष्ट हाय का, बाई?"

मी म्हणाले, "चारचौघातच सांगाची हाय. लिहा."

ग्रामसेवकानं सरपंचांकडं पाहिलं. पेन उघडं धरून बसला. मग मागून माझी माय उठली. ती ग्रामसभेत कधी बोललेली नव्हती. म्हणाली, "लिवा ना साहेब. खरं हाय ते." ग्रामसेवकानं लिहिलं. नाव, शिक्षण, काम नाही.

मग वरच्या आळीतला एक जण उठला, पाटलांपैकीच. डी.एड. झालेला. चार वर्षं घरचे सांगत होते की तो पुण्याला कंपनीत आहे. तो खाली पाहून म्हणाला, "माह्यं बी लिहा." मग एक नर्सिंग केलेली सून. मग आणखी. अकरा नावं झाली. गावात शाळेला दोन मास्तर कमी होते, पाण्याच्या मोटरीवर माणूस नव्हता, वाचनालयाला वर्षभर कुलूप होतं. काम होतं. कामाचा माणूस समोर बसलेला होता. दोघांच्या मध्ये कोण बसलंय हे मात्र त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. गावातलं जे काम गावाच्या हातात आहे, ते आधी या यादीला द्यायचं, असा ठराव लिहिला गेला. सरपंचांनी अजून सही केलेली नाही. दर सोमवारी आम्ही अकरा जण ग्रामपंचायतीच्या पायरीवर जाऊन बसतो. ते येतात, आम्हाला ओलांडून आत जातात. आम्ही पुढच्या सोमवारी पुन्हा येतो.

मी सुखी झाले, हिंमत आली, असलं काही मी लिहिणार नाही. माझा गाल अजून सुन्नच आहे. माय पुन्हा कापूस वेचायला जाते, दुसऱ्यांच्या वावरात, दोन कोस लांब. तिच्यासोबत मीही जाते. वेचताना बोटांना बोंडांची टोकं लागतात ते मात्र कळतं.

परवा मोबाइलवर निमंत्रण आलं. यंदाच्या मेळाव्याचं. कुणीतरी जुन्या यादीवरून सगळ्यांना पाठवलं असणार, आमची नावं गाळायची राहिली. पुसदच्या पोराचा लगेच फोन आला. "ताई, जायचं का?"

जायचं. आमचे अकरा, त्याच्याकडचे, तशीच फाइल घेतलेले नऊ. साडी मी धुऊन वाळत घातली आहे. आम्ही रांगेत बसू. फोटोत बरे दिसणारे निवडतील, त्यात आमच्यातले दोनचार तरी निघतीलच. पुकारलं की जाऊ. निळी फाइल हातात घेऊ. आणि तिथंच, फोटोवाल्यासमोर, उघडू.

आत पत्र नसेल तर आम्ही खाली उतरणार नाही.