गुडघ्याएवढा ओटा

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही कोंबडीच्या पायांसारखं आहे. चौथीपर्यंतच शिकले, तेवढी माफी असावी. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी लिहिताना लाज वाटते.

आमच्या भोईवाड्यात दोन चाळींच्या मधे चौक होता. कचऱ्याचा डबा, मोडकी हातगाडी आणि एक पिंपळ, दुसरं काही नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तिथेच व्हायच्या. तेव्हा पुरुषांनी वर्गणी काढून चौक साफ केला, भिंतींना चुना लावला आणि पिंपळापाशी ओटा बांधला. पण बांधताना त्यांच्या डोळ्यांपुढे सभा होती. ओटा कमरेएवढा उंच झाला, तोंड रस्त्याकडे. सभा काय रोज असते? एरवी त्यावर पुरुष बसायचे. सासऱ्या-दिरांसमोर आम्ही बायका तिथे चढून बसणार कशा?

माझ्या सासूबाई नुकत्याच आजारातून उठल्या होत्या. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली होती. त्या जिना कसाबसा उतरायच्या, पण टेकायला जागा नाही म्हणून परत वर यायच्या. मला वाटायचं, पिंपळाच्या मागे, नळाकडे तोंड करून गुडघ्याएवढा एक ओटा हवा. ह्यांना हळूच सांगितलं, तर म्हणाले, दोन्ही चाळींच्या बैठकीत सांग. बैठकीत गेले आणि पदराचं टोक चावत बसले. शेवटी समोरच्या चाळीतली माझी मैत्रीण उठली आणि माझं सगळं म्हणणं तिनेच सांगून टाकलं. कुणीतरी विचारलं, आता बायकांचीही सभा भरणार की काय? सगळे हसले, पण नको कुणी म्हटलं नाही. फक्त वर्गणी संपली होती.

त्या महिन्याची भिशी मैत्रिणीला लागली होती. शिवणाच्या मशीनसाठी ठेवलेले साठ रुपये तिने माझ्या हातावर ठेवले. मी घेईना.

"मशीन थांबेल, वहिनी. म्हातारी थांबणार आहे का?"

ओटा झाला. पहिल्या दिवशी सासूबाई दिवेलागणीपर्यंत उठल्या नाहीत. "हयसर बसलंय की उठाक नको वाटता गो," म्हणाल्या. हळूहळू दोन्ही चाळींतल्या बायका तांदूळ निवडायला तिथे येऊ लागल्या.

मी घरी गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. जेवायला आणखी दोन गडी घेतले आणि दर महिन्याला मैत्रिणीला पाच रुपये देत गेले. वर्षाने शेवटचे पाच दिले. ती मोजत नव्हती, मीच तिला बोटांवर मोजून दाखवलं. साठ पुरे झाले.