कोरडे खडे

परवा रस्त्याकडेच्या एका कामावर बेंटोनाइट या चिकणमातीच्या गाळाचा ओला वास आला आणि लाखनीच्या पलीकडचा तो पूल आठवला. तिथे पाइलचा पाया होता. नदीच्या तळात मशीननं खडकापर्यंत गोल भोक पाडायचं, ते ढासळू नये म्हणून हा गाळ भरून ठेवायचा, मग सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट ओतायचं. खडक लागला की वर आलेले तुकडे इंजिनिअरने पाहायचे आणि सही करायची. तो नवा इंजिनिअर मी होतो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. ठेकेदाराच्या सुपरवायझरने ओंजळभर खडे पुढे केले. “सायेब, खडक लागला. करा सही, काँक्रीट येऊन राहिलं.” खडे काळे, धारदार आणि साफ कोरडे होते. “गाळातून निघालेले खडे कोरडे काहून?” मी विचारलं. “ऊन पाहा ना किती हाय,” म्हणत तो मजुरांकडे वळून हसला. “यायच्या घरी आजवर सगळ्याइनं अंगठेच लावले. आता सही आली, त जपून ठेवून राहिले.” माझी कानशिलं तापली. मी म्हटलं, “माझ्या बापानं खोट्यावर कधी अंगठा नाही लावला. मशीन चालू करा.” आणखी एकावर एक दोन माणसं उभी मावतील एवढं खाली गेल्यावर खडक लागला, तेव्हाच मी सही केली. त्या पाइलचा मला आजही अभिमान आहे. पण माझ्याआधी तिथे अकरा पाइल भरून झाले होते, आणि तेच खडे त्यातल्या कितींसाठी दाखवले होते, हे मी विचारलं नाही. त्याचा आजही राग येतो, पण तो त्या सुपरवायझरवरचा नाही, माझ्यावरचाच.