अठरा हजार टोप्या

हालग्रिमने एकदा आपलं उरलेलं आयुष्य कागदावर मांडलं होतं. वडील एक्याऐंशीव्या वर्षी गेले, थोरला भाऊ त्र्याऐंशीव्या. म्हणजे आपणही त्र्याऐंशी धरायला हरकत नाही. तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता. बारा वर्षं उरली. नेमबाजीच्या मैदानावर वर्षाला अठराशे फैरी होतात. बारा गुणिले अठराशे म्हणजे एकवीस हजार सहाशे. चारशे वरखर्चाला धरले आणि त्याने बावीस हजार टोप्या आणल्या.

टोपी म्हणजे काडतुसाच्या पुंगळीच्या बुडाशी बसणारी धातूची चिमुकली वाटी. बंदुकीची सुई तिच्यावर आपटली की ठिणगी पडते, आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. पुंगळी पुन्हा वापरता येते, दारू मोजून भरता येते, गोळी बसवता येते. टोपी मात्र घरी करता येत नाही. ती विकतच आणावी लागते.

त्या वसंतात पूर्वेकडे लढाई पेटली. गावातल्या दुकानदाराने हालग्रिमला हळूच सांगितलं, "आहे तो माल उचल. पुढचा कधी येईल ते मी सांगू शकत नाही. कारखाने आता सैन्यासाठी भरणार." हालग्रिमने ऐकलं. तीन गावांतल्या तीन दुकानांतून, वेगवेगळ्या दिवशी, तो डबे घेऊन आला. घरात एवढा साठा नियमात बसतो की नाही हे त्याने कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

यात त्याला गैर असं काही वाटलं नव्हतं. अडतीस वर्षं त्याने स्कार्वदालच्या रस्त्यांवर बर्फ सारायची गाडी चालवली होती. त्या धंद्यात जो माणूस डिझेल आणि चाकांना बांधायचे साखळदंड आधीच भरून ठेवतो तोच सकाळी गाव मोकळं करतो. जो ठेवत नाही त्याला लोक शिव्या देतात. हालग्रिमला कोणी कधी शिव्या दिल्या नव्हत्या. बोर्गहिल, त्याची बायको, म्हणायची, "तुझ्या खिशात उद्याची भाकरी असते आणि आजची तू खायला विसरतोस." ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. दोन वर्षांत हजार टोप्यांचा भाव पाचशे क्रोनरवरून चौदाशेवर गेला, आणि चौदाशे मोजायला तयार असलेल्या माणसालाही माल मिळेना. दारूचा डबा दुप्पट झाला. तयार काडतूस बावीस क्रोनरला एक, तेही माणशी दोनच पाकिटं. नेमबाजी क्लबाच्या लाकडी घरात मंगळवारी सरावानंतर वाफल्स आणि कॉफी घेताना लोक दुसरं काही बोलेनासे झाले.

"बायकोने विचारलं, वाढदिवसाला काय हवं," ओस्गाउत सांगत होता. हा पूर्वी शाळेत शिक्षक होता आणि अजून तसाच बोलायचा. "म्हटलं, शंभर टोप्या. म्हणाली, त्यापेक्षा अंगठी माग, स्वस्त पडेल."

"मग अंगठीच घाल बंदुकीत," वाफल्स भाजणारी ओस्लौग म्हणाली. क्लबाची चिटणीस तीच, खजिनदार तीच आणि स्वयंपाकीणही तीच. "नाहीतरी तुझी गोळी लक्ष्याला लागते कुठे."

सगळे हसले. हालग्रिमही हसला, आणि वाफलवर तपकिरी चीजचा आणखी एक काप ठेवला.

त्याच्या शेजारी आयलेव बसला होता. आयलेव दुग्धशाळेत चीज करायचा, आता निवृत्त. चाळीस वर्षं दोघं एकमेकांच्या बाजूला आडवे पडून नेम धरत होते. आयलेव हालग्रिमच्या अगदी उलट. टोप्यांचा एक डबा संपला की दुसरा आणायचा. खिशात असेल ते वाटून टाकायचा. दारू मोजायचा काटा त्याने तीन जणांना वापरायला दिला होता आणि चौथा मागायला आला तेव्हा कोणाकडे आहे ते त्याला आठवेना. नेम मात्र असा की परीक्षकही थांबून बघायचे. बोर्गहिल गेल्यापासून हालग्रिमचं आठवड्यातलं खरं बोलणं मंगळवारीच होई, आणि ते आयलेवशी.

हालग्रिमच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हापासून आणखी एक रीत पडली होती. नेमबाज आपल्या रिकाम्या पुंगळ्या जमिनीवर सोडत नाही. त्या पुन्हा भरायच्या असतात. हालग्रिमला वाकता येत नसे. त्याला चटईवरून उठायलाच दोन मिनिटं लागत. तोवर आयलेव गवतातून त्याच्या पुंगळ्या वेचून खोक्याच्या भोकांत एकेक लावून ठेवायचा. कोणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. हालग्रिमने कधी आभारही मानले नव्हते.

एप्रिलमध्ये, मैदानाच्या कडेला अजून बर्फाचे ढीग होते तेव्हा, गाडीकडे जाताना आयलेव म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"माझ्याकडे चाळीस टोप्या उरल्यात. जूनमध्ये जिल्ह्याचा सामना आहे. तू, मी आणि ओस्गाउत. सराव नाही केला तर मी तुमचं नाक कापीन. तुझ्याकडे तीनशे असतील का? भाव तू म्हणशील तो. नाहीतर शरदात माल आला की टोपीला टोपी परत करतो."

तळघरात त्या वेळी अठरा हजार टोप्या होत्या. हालग्रिमला आकडा पाठ होता, कारण तोच आकडा त्याची पुढची दहा वर्षं होता. त्यातून तीनशे काढायच्या म्हणजे दोन महिने काढायचे. कोणते दोन? शेवटचे, हे उघड होतं. पण त्र्याऐंशीव्या वर्षीच्या त्या उन्हाळ्यात आपण टोप्यांवाचून घरात बसलोय हे त्याला त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की तोंडातून निघून गेलं, "माझ्याकडे? अरे, माझ्या मार्चमध्येच संपल्या."

"सगळ्या?"

"झाडून. दुकानातली तयार काडतुसं मारतोय. पेन्शन त्यातच चाललीय."

"मग तू माझ्याहून गेलेला," आयलेव म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. "बघू. कुठून तरी होईल."

एक खोटं बोललं की त्याला अंथरूण-पांघरूण द्यावं लागतं. हालग्रिमने दुकानातून तयार काडतुसांची दोन पाकिटं आणली, ती घरी रिकामी केली आणि त्यात स्वतः भरलेली काडतुसं घातली. मंगळवारी ती पाकिटं चटईवर सगळ्यांना दिसतील अशी ठेवली. आयलेव आता दहाच फैरी मारायचा, मग कोपरांवर पडून दुसर्‍यांचे नेम बघायचा. हालग्रिम पन्नास मारायचा. कमी माराव्यात असं त्याच्या मनात यायचं, पण मग वर्षाच्या अठराशे भरणार कशा?

मेच्या दुसर्‍या मंगळवारी आयलेवने नेहमीप्रमाणे त्याच्या पुंगळ्या वेचल्या. दुकानच्या काडतुसाची पुंगळीही पुन्हा भरता येते, ती कोण टाकून देतो? हालग्रिम एका गुडघ्यावर येऊन दम घेत होता. आयलेव वेचता वेचता थांबला. हातातली एक पुंगळी त्याने उजेडाकडे फिरवली. मग बाकीच्या वेचल्या. खोक्यात सगळ्या उलट्या, बुडं वर करून लावल्या. तो एरवी तोंडं वर ठेवायचा.

"पन्नास," तो म्हणाला. "सगळ्या आल्या."

"बरं."

आयलेव कॉफीला थांबला नाही.

घरी येऊन हालग्रिमने खोकं उघडलं. पन्नास बुडं, पन्नास तांबूस ठिपके. दुकानच्या काडतुसांची टोपी रुपेरी असते आणि तिच्याभोवती हिरव्या लाखेची कडी असते. तांबूस टोप्या ज्या कारखान्याच्या, त्याचा माल दोन वर्षांत या खोर्‍यात कोणी पाहिला नव्हता. पाकिटं बदलायचं हालग्रिमला सुचलं होतं. आपल्या पुंगळ्या कोण उचलतो, एवढंच डोक्यातून गेलं होतं. इतक्या वर्षांत ते कोणी माणूस करतो हेच तो विसरला होता. पाऊस गवत भिजवतो तसं ते आपोआप होतं असं त्याने धरलं होतं.

पुढच्या मंगळवारी आयलेव आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"तुमच्या तिघांची नावं पाठवायची आहेत मला," ओस्लौग म्हणाली. "आयलेवला फोन केला तर म्हणतो, पाठ धरलीय. पाठ धरलेला माणूस काल छतावर चढलेला मी पाहिला. तुमचं काही वाजलंय का?"

"नाही."

"तू 'नाही' म्हणालास की माझ्या सासर्‍याची आठवण येते. तो मरतानाही बरा होता."

ओस्गाउत म्हणाला, "तिसरा नसेल तर आपली नावं गेली. मी काही दोघांच्या फैरी मारणार नाही."

हालग्रिमला सामन्याचं फारसं काही वाटत नव्हतं. पण मंगळवारी चटईवर पडलं की उजवीकडचं गवत रिकामं दिसे, आणि सुटलेल्या प्रत्येक फैरीनंतर कोणी "थोडी डावीकडे" असं पुटपुटत नसे. पुंगळ्या तो काठीने ओढून गोळा करू लागला. पन्नासातल्या चाळीस मिळत.

तिसर्‍या आठवड्यात, रविवारी सकाळी, त्याने हजार टोप्यांचं एक खोकं काखेत घेतलं आणि आयलेवच्या घरी गेला. आयलेव अंगणात बर्चची लाकडं रचत होता. त्याची बायको गुनवोर खिडकीतून हात हलवून म्हणाली, "कॉफी टाकते रे. किती दिवसांनी उगवलास."

हालग्रिमने खोकं लाकडांच्या ढिगावर ठेवलं. "हे तुझ्यासाठी. तुला कळलंय ते मला माहीत आहे."

आयलेवने खोकं पाहिलं, हातातलं लाकूड रांगेत नीट बसवलं आणि मग हसला. त्या हसण्यात राग नव्हता. हालग्रिमने घरून निघताना रागाची तयारी केली होती, ती फुकट गेली.

"एवढं जिवाला लावून घेतलंस होय," आयलेव म्हणाला. "अरे, दोन-चार डबे मागे टाकले असशील. कोण टाकत नाही? माझ्याकडे दोन-चार असते तर मीही तुला नाहीच म्हटलं असतं. गुनवोरलाही मी तेच बोललो."

"मग तू यायचा का थांबलास?"

"तू मला बघून तोंड कुठे लपवणार होतास? त्या चटईवर? म्हटलं, संपू देत त्याच्या शंभर-दोनशे, मग जाऊ." त्याने खोक्यावरची अक्षरं वाचली. "पण हे तर आख्खं हजाराचं आहे. हे सगळं मला दिलंस तर तुला काय उरलं?"

इथे गप्प बसता आलं असतं. "उरलंय थोडं" म्हणता आलं असतं. पण तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कोणी त्याच्याशी इतकं मऊ बोललं होतं. त्या मऊपणापुढे आणखी एक खोटं बोलायचं हालग्रिमच्या जिवावर आलं. आता सगळं सांगून टाकलं की मोकळं होऊ, असं त्याला वाटलं.

"सतरा हजार," तो म्हणाला.

आयलेवने विचारलं, "किती?"

"सतरा. थोडं कमी. तू मागितल्यास तेव्हा अठरा होत्या." आणि मग, समजावून सांगितलं तर समजेल अशा आशेने, त्याने सगळा हिशेब सांगितला. वडिलांचं वय, भावाचं वय, वर्षाच्या अठराशे फैरी, दहा वर्षं. तीनशे म्हणजे दोन महिने कसे होतात, तेसुद्धा.

आयलेवने हातमोजे काढून एकावर एक ठेवले.

"म्हणजे तू त्र्याऐंशी वर्षांचा होईपर्यंतच्या," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि त्या दहा वर्षांत मी कुठे होतो? तुझ्या त्या कागदावर?"

कागदावर आयलेव नव्हता. कागदावर फक्त फैरी होत्या.

"तुझ्या शेजारी कोण पडलेलं असणार होतं हे तू धरलंच नव्हतंस," आयलेव म्हणाला. आवाज चढला नव्हता. "दोन डबे लपवणारा माणूस मला कळतो रे. अठरा हजारांवर बसून तीनशेंना नाही म्हणणारा मला कळत नाही. एप्रिलमध्ये मी तुझ्या खांद्यावर थोपटलं होतं. बिचार्‍याची पेन्शन जातेय म्हणून."

"म्हणूनच आणलंय ना. घे. सामन्याला अजून दोन आठवडे आहेत. ओस्लौगला आजच नाव सांगतो."

"घेऊन जा ते." आयलेवने खोकं उचललं आणि त्याच्या हातात दिलं, सांभाळून, दोन्ही हातांनी, अंडी द्यावीत तसं. "तुझे सहा महिने कमी पडतील."

हालग्रिम खोकं धरून उभा राहिला. लाकडांच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "निदान ही रचायला हात लावतो."

"नको. माझं मी करतो."

दार उघडलं. गुनवोर बाहेर आली. तिच्या हातात ताट होतं आणि त्यावर लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या मऊ पोळ्यांच्या, गुंडाळ्या होत्या. "कॉफी झाली," ती म्हणाली. "इथेच घेणार की आत येताय?"

"इथेच आण," आयलेव म्हणाला आणि हातमोजे पुन्हा चढवले. "एकच कप. हालग्रिम निघालाय."