घाडीगावकर साहेबांचा लाल बोर्ड

गुणाजी घाडीगावकर वारले त्या दिवशी आमच्या अभ्यासिकेचा मेन स्विच बंद होता आणि त्यावर त्यांच्या नावाचा लाल बोर्ड लटकत होता. पुढचे तेवीस दिवस तो तिथेच लटकत राहिला. मुलुंड पूर्वेला वायरमन आहेत, इंजिनिअर आहेत, सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते आहेत. तरी वीतभर पत्रा खिळ्यावरून उतरवायला तेवीस दिवस लागले. हे का, ते कळायला आधी हा माणूस कळला पाहिजे, आणि तो मला पंचवीस वर्षं शेजारी राहूनही अर्धाच कळला. मी मृणालिनी, अभ्यासिकेची सेक्रेटरी. म्हणजे वाट लागली की जिला फोन येतो ती.

गुणाजींचे वडील लालबागला गिरणीत होते. मुलगा वीज कंपनीत अप्रेंटिस म्हणून चिकटला आणि मुख्य अभियंता होऊन निवृत्त झाला. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, मधुमेह सांभाळतात. ह्यांनी दानधर्म काढला. तोही असा, की ज्याला प्लग आहे तेवढंच द्यायचं. स्मशानात पंखे दिले, दवाखान्याला फ्रीज दिला, माहुलच्या कोळणींना मासळीसाठी मोठा फ्रीजर दिला. प्रत्येक दानासोबत तासाभराचं सुरक्षेचं भाषण आणि एक लाल बोर्ड मोफत. माहुलच्या सोनूबाई मला म्हणाल्या होत्या, "फ्रीजर दिला ते बरं केलं बाई, पण एवढं ज्ञान दिलं, की आतल्या पापलेटलापण पाठ झालं असेल."

बोर्डावर लिहिलेलं असे: माणसे काम करीत आहेत, स्विच लावू नये. खाली नाव आणि वेळ. नियम एकच. ज्याने बोर्ड लावला, त्यानेच तो काढायचा. बाप आला, मंत्री आला, तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. हा नियम सबस्टेशनचा, पण साहेबांनी तो घरातही चालवला. एका जानेवारीत त्यांनी दुरुस्तीला काढलेल्या गिझरवर बोर्ड लावला आणि विसरून कणकवलीला लग्नाला निघून गेले. मुलगा सुयोग याने फोन केला, तर म्हणाले, "मी येऊन काढतो." चार दिवस घर थंड पाण्याने न्हालं. साहेबांच्या पत्नी नलिनीवहिनी गॅसवर पाणी तापवायला गेल्या, तर दुसरा बोर्ड शेगडीवर होता. गॅसची नळी बदलायची होती म्हणे.

मी हसायचे. एकदा बळवंतरावांसमोर हसले आणि गप्प झाले. बळवंतराव म्हणजे आमच्या अभ्यासिकेचे राखणदार, कंपनीतले जुने लाईनमन. त्यांचा उजवा हात कोपरापासून नाही. सत्त्याऐंशी साली ते खांबावर असताना खाली कुणीतरी त्यांचा बोर्ड काढून स्विच लावला होता, कारण जवळच्या मंडपात पाहुणे खोळंबले होते. गुणाजी तेव्हा त्या भागाचे इंजिनिअर, तिथेच उभे होते. त्यांनी बोर्ड काढला नव्हता. त्यांनी 'काढू नका' एवढंही म्हटलं नव्हतं. त्यानंतरची सगळी वर्षं हा माणूस ते एकच वाक्य जगाला ओरडून सांगत होता, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र मी त्यांना चक्रम म्हणत होते आणि त्याची मला लाज वाटते.

अभ्यासिका हे त्यांचं सगळ्यात मोठं दान. चाळीस टेबलं, चाळीस दिवे, तळमजल्यावरचा लांबट हॉल. ज्यांच्या घरात पुस्तक उघडायला जागा नाही ती पोरं इथे बसतात. श्रुतिकाचंच बघा. एका खोलीत सात माणसं आणि दिवसभर चालणारा टीव्ही. पोरीची यंदा दहावी.

जानेवारीच्या अखेरीस पॅनलमधून घूं घूं आवाज येऊ लागला. साहेब सकाळी आले, मेन स्विच पाडला, बोर्ड लावला, काम करत बसले. वहिनींनी जेवायला बोलावलं म्हणून घरी गेले. माशाचं जेवण जेवले, आडवे झाले, ते उठलेच नाहीत. वय एक्याऐंशी.

दोन दिवसांनी मी कंपनीत फोन केला. समीक्षा नावाची तरुण इंजिनिअर आली. तिने पॅनल उघडून टॉर्च मारला. "काम झालंय, मॅडम. स्क्रू ढिला होता, सरांनी आवळलाय. बोर्ड काढला की लाईट चालू."

"मग काढ ना गं."

तिने हात पाठीमागे बांधले. "सर निवृत्तीनंतरही ट्रेनिंग घ्यायचे, त्याला मी होते. मी नाही काढणार."

मग बाजारातला विकी वायरमन आणला. तो कुणाच्याच ट्रेनिंगला नव्हता. त्याने बोर्डाकडे हात नेला आणि बळवंतराव असे काही गरजले, की तो टेस्टर टाकून पळाला. मी चिडून म्हटलं, "मग तुम्ही काढा!" बळवंतराव शांतपणे म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे एकच हात उरलाय."

राहिल्या नलिनीवहिनी. साहेबांमागे अभ्यासिकेच्या ट्रस्टच्या अध्यक्ष त्याच. त्या रडल्या नव्हत्या. आल्यागेल्याला चहा देत होत्या, जणू साहेब खाली पेपर आणायला गेलेत. मी विषय काढला तर म्हणाल्या, "मी नाय काढूचंय. ह्यांनी लावलो, हेच येवन काढतले."

तरी दहावा दिवस गेला की त्यांचं मन वळवू, असं मी ठरवलं होतं. ते कावळ्याने हाणून पाडलं. खाडीकाठी पिंड ठेवले. कावळा भिंतीवर बसला, पण खाली येईना. सुयोग म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." कावळा ढिम्म. "बाबा, अभ्यासिका बंद पडू देणार नाही." कावळ्याने मान फिरवली. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघू लागले, कुणी कणकवलीच्या घराचं छप्पर शाकारायचं कबूल केलं. शेवटी बळवंतराव पुढे झाले. "साहेब, तुमचा बोर्ड दुसरं कुणी काढणार नाही."

कावळा झेपावला आणि पिंड घेऊन गेला.

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, पण मनातून त्या कावळ्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही. चाळीस पोरांची बत्ती एका कावळ्याने गुल केली होती. आता नियमाला देवाचाही शिक्का बसला. कमिटीची मीटिंग भरली, तीही अंधारात. एकाने सुचवलं की शेजारच्या किराणा दुकानातून वायर ओढू. बळवंतराव म्हणाले, बोर्ड असताना दुसरीकडून करंट आणणं म्हणजे तर खूनच. इकडे परीक्षा तोंडावर आली. पोरं पांगली. श्रुतिका तेवढी रोज येई आणि खिडकीखाली उजेड असेतोवर वाचत बसे. सूर्य सरकेल तसा तिचा बाकही सरकायचा. तिचं वर्ष आमच्या ह्या तमाशात जाणार, या विचाराने मला खरोखर रडू यायचं.

तेविसाव्या दिवशी संध्याकाळी समीक्षा धावत आली. तिच्या हातात कंपनीची जुनी सुरक्षा पुस्तिका होती. लेखक, गुणाजी घाडीगावकर. शेवटच्या पानावर एक कलम होतं, बोर्ड लावणारा येऊ शकत नसल्यास काय करावे. तीन पायऱ्या होत्या. बळवंतरावांनी ते पान दोनदा वाचलं, डोळे पुसले. "साहेबांनीच लिहिलंय. म्हणजे साहेबच काढतायत. कावळ्याचं मी बघतो."

वहिनींना आणलं. पहिली पायरी, माणूस जागेवर नाही याची खात्री करणे. समीक्षा आणि बळवंतराव हॉलभर फिरले. टेबलांखाली वाकले, संडासाचं दार उघडून पाहिलं, आणि प्रत्येक कोपऱ्यात मोठ्याने विचारलं, "गुणाजी घाडीगावकर, लाईनवर आहात का?" श्रुतिकाला हसू आलं. मी तिला चिमटा काढला, कारण मलाही आलं होतं.

दुसरी पायरी, तीन वेळा संपर्काचा प्रयत्न. समीक्षाने साहेबांचा नंबर लावला आणि वहिनींच्या पिशवीत रिंग वाजली. तेवीस दिवस त्यांनी तो फोन रोज चार्ज केला होता. दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्यांदा वहिनींनी फोन बाहेर काढला, हातात धरला आणि वाजू दिला. मग कुणालाच हसू आलं नाही.

तिसरी पायरी, जबाबदार व्यक्तीने छापील दाखला वाचून सही करणे. वहिनींनी चष्मा लावला. "कामावरील सर्व माणसे लाईनवरून..." एवढं वाचून त्या अडल्या.

"हयसर 'सुखरूप बाहेर आली आहेत' असा लिवला आसा," त्या म्हणाल्या. "सुखरूप? माका काय ठावक? मी कशी सही करू?"



बळवंतराव त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले. "वहिनी, तुमच्या हातचं जेवले. आपल्या अंथरुणावर आडवे झाले. झोपेत गेले. दोन्ही हात, दोन्ही पाय जागेवर. चाळीस वर्षं मी आमच्या खात्यातली माणसं बघितली. ह्याच्यापेक्षा सुखरूप कुणी बाहेर आलेलं नाही."

वहिनींनी सही केली. पेन खाली ठेवलं, आणि जो हंबरडा फोडला तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला. तेवीस दिवसांचं सगळं एकदम आलं. मी त्यांना धरून बसले. श्रुतिका रडू लागली, समीक्षा रडू लागली. बोर्डाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

बळवंतराव मात्र कागद हातात घेऊन उभे होते. स्वतःच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसलंही नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "वेळ घालायची राहिली."

वहिनींनी पदराने डोळे कोरडे केले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि सहीखाली लिहिलं, सहा वाजून वीस मिनिटे. मग त्या उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बोर्ड काढला.